रक्ताचे गणित आणि यतीम नातू

कॉलेजात जीवशास्त्र शिकणारी आपली मुले अलीकडे घरी एक वेगळाच प्रश्न घेऊन येऊ लागली आहेत. पूर्वीचा प्रश्न ठरलेला असे: माणूस माकडापासून झाला का? त्यावर घरात थोडा वाद होई, मशिदीत एखादे बयान होई आणि विषय मागे पडे. आताचा प्रश्न अधिक जवळचा आहे, कारण तो लाखो वर्षांपूर्वीच्या काळाविषयी नसून आजच्या घराविषयी आहे. आई लेकरासाठी रात्र रात्र जागते, भाऊ भावासाठी कर्ज काढतो, ते सारे म्हणजे जनुकांनी आपल्या प्रती टिकवण्यासाठी मांडलेला व्यवहार आहे, असे पुस्तक सांगते. मग निःस्वार्थ म्हणावे असे जगात काही उरते का? आणि स्वार्थ जर रक्तातच भिनलेला असेल, तर कयामतच्या दिवशी माणसाला त्याचा जाब का द्यावा लागावा?

यावर वडीलधाऱ्यांची उत्तरे बहुधा दोन असतात. एक, हे नास्तिकांचे कारस्थान आहे, परीक्षेपुरते पाठ कर आणि विसरून जा. दुसरे, विज्ञानानेच सांगितले म्हटल्यावर आपण काय बोलणार! पहिल्या उत्तराने मूल गप्प बसते, पण त्याची शंका बसत नाही. दुसऱ्या उत्तराने वडिलांचीच शंका मुलाच्या पदरात पडते. इमाम गझालींची रीत या दोहोंपेक्षा निराळी होती. तत्त्वज्ञांचे खंडन करणारा ‘तहाफुत’ त्यांनी लिहिला हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच तत्त्वज्ञांची मते निरपेक्षपणे समजावून देणारा ‘मकासिद’ हा स्वतंत्र ग्रंथही त्यांनी लिहिला, हे आपण विसरतो. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत आधी मांडावे, मगच त्याच्याशी बोलावे. तेव्हा प्रथम हे जनुकांचे म्हणणे नीट पाहू.

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात, तिओगा खिंडीजवळच्या कुरणांत, जमिनीत बिळे करून राहणारी एक खार आढळते. शिकारी जनावर दिसले की एखादी खार मागच्या पायांवर उभी राहून किंचाळते आणि बाकीच्या बिळांत पळतात. इशारा देणारी मात्र त्या ओरडण्यामुळेच शिकाऱ्याच्या नजरेस पडते आणि तिच्या जिवाला अधिक धोका होतो. मग ती ओरडतेच का? पॉल शर्मन या संशोधकाने तेथील खारींना खुणा करून, कोण कोणाची आई, कोण कोणाची बहीण याची वंशावळ ठेवून अनेक वर्षे निरीक्षण केले आणि १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. या खारींत मुलगे जन्मस्थान सोडून दूर जातात आणि मुली आईजवळच बिळे करतात. म्हणजे तेथे सासरी जातो तो मुलगा. ज्या माद्यांच्या आई, मुली, बहिणी शेजारी होत्या त्या अधिक ओरडत. परक्या वस्तीत येऊन राहिलेले नर सहसा ओरडत नसत.

या वर्तनामागचे गणित विल्यम हॅमिल्टन या तरुण इंग्रज अभ्यासकाने १९६४ साली मांडलेले होते. आईबाप आणि मूल यांच्यात जनुकांचा निम्मा अंश सामाईक असतो. सख्ख्या भावंडांत तो सरासरीने निम्माच असतो, आजोबा-नातवंडांत आणि काका-पुतण्यांत एक चतुर्थांश, चुलत भावंडांत एक अष्टमांश. आता एखाद्या जनुकामुळे प्राणी आपल्या नातलगासाठी झीज सोसू लागला, तर त्या जनुकाची एक प्रत धोक्यात येते, पण वाचलेल्या नातलगांच्या अंगी त्याच जनुकाच्या इतर प्रती असण्याचा संभव असतो. झालेल्या लाभाला नात्याच्या अंशाने गुणल्यावर येणारी रक्कम सोसलेल्या झिजेपेक्षा मोठी असेल, तर तसे वर्तन पिढ्यान्‌पिढ्या पसरत जाईल. हॅमिल्टनचा नियम तो एवढाच. त्याच्याही आधी जे. बी. एस. हॉल्डेन हे गृहस्थ दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी आपण जीव देऊ, असे गमतीने म्हणत, अशी आख्यायिका आहे. हे हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

हॉल्डेनविषयीची दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते, आणि ती आख्यायिका नाही. १९५५ सालच्या एका लेखात त्यांनी पाण्यात बुडणाऱ्या नातलगाला वाचवण्याचा हाच हिशोब मांडला आणि लगेच पुढे नोंदवले की, बुडण्याचा संभव असलेल्या माणसांना आपण स्वतः दोनदा पाण्याबाहेर काढले आहे आणि त्या वेळी असला हिशोब करायला आपल्याला अवसर मिळाला नव्हता. गणित मांडणाऱ्यानेच गणिताची जागा दाखवून दिली. हिशोब काठावर बसून, नंतर केलेला असतो. पाण्यात उडी घेणाऱ्याच्या मनात तो नसतो.

‘स्वार्थी’ हा शब्द १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द सेल्फिश जीन’ या पुस्तकामुळे घरोघरी पोचला आणि सगळा घोटाळा त्या शब्दाने केला. डॉकिन्स धर्माचे कडवे विरोधक आहेत. म्हणून त्यांचे म्हणणे वाकडे करून सांगण्याची मुभा आपल्याला मिळत नाही. जनुकाला मन नसते, इच्छा नसते, कपट नसते. पाण्याला उताराची ओढ असते असे आपण म्हणतो, तेव्हा पाण्याला काही हवे असते असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याच्या प्रती मागे उरतात ते जनुक मागे उरते, इतकाच या शब्दाचा आशय. अशा ‘स्वार्थी’ जनुकांपासून जिवावर उदार होणारा प्राणी घडू शकतो, हेच तर त्या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे. आणि पृथ्वीवरील जीवांपैकी केवळ माणूसच जनुकांच्या सत्तेविरुद्ध उभा राहू शकतो, अशा आशयाच्या विधानाने त्याच्या पहिल्या आवृत्तीचा शेवट होतो. हे शेवटचे पान वर्गात फारसे कोणी शिकवत नाही असे दिसते.

येथे एक खुलासा करून पुढे जातो. हजरत आदम (अ.) यांची निर्मिती कशी झाली हा अकीद्याचा विषय आहे, त्यावर उलेमांनी विपुल लिहिले आहे आणि या लेखात मी त्यात शिरत नाही. स्वभावातील काही ओढी पिढीजात उतरतात आणि त्या रक्ताच्या जवळिकीप्रमाणे कमीअधिक होतात, एवढेच मी येथे गृहीत धरतो. त्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्रभर बसलेल्यांची नाती विचारून पाहावीत.

आता पहिला प्रश्न. मायेचे कारण सापडले म्हणजे माया खोटी ठरली का?

प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा: अल्लाहने दयेचे शंभर भाग केले, नव्व्याण्णव आपल्यापाशी ठेवले आणि एक भाग पृथ्वीवर उतरवला. सृष्टीतील जीव एकमेकांशी जी माया करतात ती त्या एका भागातून. इतके की, आपल्या पिलाला इजा होऊ नये म्हणून जनावर आपला खूर वर उचलून धरते, तेही त्यातूनच. ही हदीस मदरशात शिकताना माझे लक्ष नेहमी त्या खुराकडे जाई. मायेचे उदाहरण द्यायचे तर संतसज्जनांची, त्यागी मातांची उदाहरणे काय कमी होती! पण प्रेषितांनी (स.) निवडले ते मुके जनावर. ज्याला पुण्य कळत नाही, आखिरत कळत नाही, ज्याने विचार करून काही ठरवलेले नाही, त्याच्या पायाच्या आपसूक हालचालीला त्यांनी अल्लाहच्या दयेचा अंश म्हटले. म्हणजे माया उपजत असणे हा तिचा कमीपणा मानला गेला नाही. ती हाडामांसात रुजवलेली असणे हीच ती दिली गेल्याची रीत.

अरबी भाषेत ‘रहम’ म्हणजे दया आणि ‘रहिम’ म्हणजे गर्भाशय हे एकाच धातूचे शब्द. नातेसंबंध जोडून ठेवण्याला ‘सिलह-रहमी’ म्हणतात तेही त्यावरूनच. रक्ताचे नाते आणि अल्लाहचे रहमान हे नाव यांचे मूळ एक असल्याचे एका हदीसे-कुदसीतही आले आहे. तेव्हा दयेचा उगम गर्भाशयाशी, म्हणजे वंशाशी जोडलेला आहे, असे कोणी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले तर मुसलमानाने दचकण्याचे कारण नाही.

शिवाय कारण सांगणे आणि कर्ता नाकारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सूरह रूममध्ये वारे ढगांना हलवतात, ढग आकाशात पसरतात, त्यांचे थर होतात आणि त्यांतून पाऊस झरतो, असा पावसाचा सगळा क्रम वर्णिला आहे. तो क्रम सांगितला म्हणून पाऊस अल्लाहच्या कृपेचा राहिला नाही, असे कोणी मानत नाही. मायेच्या बाबतीतच आपल्याला ती भीती का वाटते? माझ्या मते याचे कारण असे की, माया ही आपलीच मिळकत आहे, आपण ती कमावली आहे, असा आपला समज असतो. तो समज तुटतो याचे दुःख असते; मायेला त्यात काही होत नाही.

दुसरा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. त्याच गणिताची दुसरी बाजू काळी आहे. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक धारवाडच्या परिसरातील लंगूर वानरांचे निरीक्षण करीत होते. एखाद्या टोळीचा जुना नर हुसकून नवा नर आला, की तो आधीच्या नराची अंगावर पिणारी पिले मारून टाकतो, हे त्यांनी पाहिले. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर हाच प्रकार अभ्यासला आणि त्याचा उलगडा केला. पिले गेली की माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराची संतती लवकर वाढू लागते. जुन्या नराच्या पिलांत त्याचा अंश शून्य. खारीला इशारा द्यायला लावणारे आणि लंगुराला पिलू मारायला लावणारे गणित एकच आहे.

म्हणून ‘निसर्गाने दिले ते चांगलेच’ असे म्हणणाऱ्याने धारवाडचे हे वानर आठवावेत. आणि ‘निसर्गानेच दिले, मग माझा काय दोष’ असे म्हणणाऱ्याला फिक्हच्या पहिल्या पाठात उत्तर आहे. शरीअतचा आदेश ज्याच्यावर लागू होतो तो मुकल्लफ, आणि मुकल्लफ होण्यासाठी अक्कल लागते, वयात येणे लागते. वानरावर नमाज फर्ज नाही. सूरह नहलमध्ये मधमाशीला डोंगरांत, झाडांवर आणि माणसांच्या मांडवांत घर करण्याची प्रेरणा अल्लाहने दिल्याचा उल्लेख आहे. तेथे ‘वही’ हा शब्द योजलेला असला, तरी त्याचा अर्थ उपजत प्रेरणा असाच तफसीरकार सांगतात. मधमाशीला प्रेरणा मिळाली, माणसाला प्रेरणाही मिळाली आणि आदेशही मिळाला. ज्याला दोन्ही मिळाले त्याच्या मनात ओढाताण होणारच. वाईटाकडे खेचणारा नफ्स आणि त्या खेचण्याबद्दल स्वतःला दूषण देणारा नफ्स, अशी दोन्ही रूपे कुरआनने सांगितली आहेत. जनुकांचे शास्त्र त्यांपैकी पहिल्याचा बराच मोठा नकाशा काढून देते. दुसऱ्याविषयी ते अजून चाचपडत आहे.

ओढ हीच मुळी गुन्हा आहे असे इस्लाम म्हणत नाही, हे आपल्या उपदेशकांकडून अनेकदा सांगायचे राहून जाते. मनात उठलेल्या विचाराची, तो बोलण्यात वा कृतीत येईपर्यंत, पकड होत नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. सूरह निसामध्ये एकाहून अधिक पत्नी असलेल्या पुरुषाला सांगितले आहे की, त्यांच्यात पुरेपूर समानता राखणे, कितीही इच्छा असली तरी, तुमच्या आवाक्यातले नाही. पण म्हणून एकीकडे पूर्ण झुकून दुसरीला अधांतरी लटकत ठेवू नका. मनाचा कल मान्य केला आणि हाताला बांधले. कायदा हृदयावर चालत नाही, ताटावर चालतो.

ही दृष्टी आपल्या परंपरेत नवी नाही. १३७७ साली ‘मुकद्दमा’ लिहिणारे इब्न खल्दून सांगतात की, आपल्या रक्ताच्या माणसावर अन्याय झाला की माणसाच्या मनात जी चीड उठते ती स्वाभाविक आहे आणि टोळ्यांचे व राज्यांचे बळ तिच्यातूनच उभे राहते. या बळाला ते ‘असबियत’ म्हणतात. पण ते तेथे थांबत नाहीत. वंश ही पुष्कळशी मानण्याची गोष्ट आहे, तिचा उपयोग माणसे जोडली जाण्यात आहे. आणि ती जोड आश्रयाने, कराराने, एकत्र राहण्यानेही निर्माण होते, असेही ते म्हणतात. जनुक हा शब्दही जन्मला नव्हता तेव्हाचे हे निरीक्षण आहे. असबियतीची नैतिक मर्यादा तर त्याहून आधीच आखलेली होती. असबियत म्हणजे काय, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, अन्यायाच्या कामी आपल्या लोकांना साथ देणे म्हणजे असबियत. आपल्या माणसांवर प्रेम करणे त्यात आले नाही. साक्ष देताना स्वतःच्या, आईबापांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जावे लागले तरी न्यायावर उभे राहावे, असा सूरह निसाचा आदेश आहे. आणि त्या यादीचा क्रम पाहिला तर प्रथम ‘स्वतः’, मग ‘आईबाप’, मग ‘नातलग’ असा आहे. हॅमिल्टनच्या गणितात ज्या क्रमाने ओढ उतरत जाते, जवळपास त्याच क्रमाने कुरआनने ती तोडून दाखवली आहे.

या साम्यावरून मात्र कोणी उड्या मारू नयेत. आधुनिक शास्त्रातला प्रत्येक शोध कुरआनात आधीच होता असे दाखवण्याची हौस आपल्यात वाढली आहे, आणि ती मला मान्य नाही. शरीअतची वारसावाटणी जनुकांच्या अंशांशी जुळवू पाहाल तर ती जुळत नाही. पत्नीशी रक्ताचे नाते नसते, तरी मुले असताना तिला आठवा हिस्सा मिळतो, नसताना चौथा. मुलगा आणि मुलगी दोघांचा अंश निम्माच असतो, हिस्से मात्र सारखे नाहीत. नातू आणि पुतण्या दोघेही एक चतुर्थांश अंशाचे, पण वारसाहक्कात त्यांच्या जागा फार वेगळ्या. ही वाटणी जबाबदाऱ्यांच्या पायावर उभी आहे, जनुकांच्या नाही. आणि ज्या आयतीत हे हिस्से सांगितले, तिच्यातच एक इशाराही दिला आहे: तुमच्या मातापित्यांपैकी आणि मुलांपैकी लाभाच्या दृष्टीने तुम्हाला कोण अधिक जवळचा, हे तुम्ही जाणत नाही. जवळिकीचा हिशोब माणसाच्या हाती सोपवलेला नाही.

सोपवला असता तर काय झाले असते, याची कल्पना सावत्र मुलांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखावरून करता येते. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातील दांपत्याने १९८०च्या दशकापासून बालहत्यांच्या नोंदी तपासल्या. सख्ख्या पित्याजवळ राहणाऱ्या लहान मुलापेक्षा सावत्र पित्याजवळ राहणाऱ्या मुलाच्या जिवाला असलेला धोका अनेक पटींनी मोठा असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेणारेही आहेत, आणि बहुसंख्य सावत्र वडील मुलांना नीट सांभाळतात हेही खरेच. तरी ही आकडेवारी वाचताना धारवाडचे वानर आठवल्यावाचून राहत नाही. आणि त्याच वेळी दुसरे एक ताट आठवते. हजरत उम्मे सलमा (र.) विधवा झाल्या तेव्हा त्यांना पहिल्या पतीची मुले होती. प्रेषितांशी (स.) निकाह झाल्यावर ती मुले त्यांच्या घरात वाढली. त्यांतील उमर नावाचा मुलगा जेवताना ताटभर हात फिरवीत असे. त्याला जवळ घेऊन अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा, आपल्या समोरचे खा, असे शिकवले गेल्याची आठवण त्याने मोठेपणी स्वतः सांगितली आहे. आपण ही हदीस जेवणाचे शिष्टाचार शिकवताना मुलांना पाठ करायला लावतो. ताट एकच होते आणि त्यात हात घालणारा मुलगा रक्ताचा नव्हता, इकडे आपले लक्ष जात नाही.

रक्ताबाहेरच्या माणसाकडे वळण्याची निकड या शास्त्राच्या एका कर्त्यालाही लागली होती. जॉर्ज प्राइस हा अमेरिकन माणूस १९६७ साली लंडनला आला आणि त्याने हॅमिल्टनच्या गणिताला अधिक व्यापक रूप देणारे समीकरण शोधले. आधी तो कट्टर नास्तिक होता. १९७० साली तो ख्रिस्ती झाला आणि पुढे त्याने आपले जवळचे सगळे बेघर, व्यसनी, रस्त्यावरच्या लोकांना वाटून टाकले. त्यांना आपल्या घरी आणून ठेवले. जानेवारी १९७५ मध्ये, मनाने पार खचलेला असताना, त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या वाटेने जावे असे मी म्हणत नाही. जो आपल्यावर अवलंबून आहे त्याला आणि स्वतःलाही उपाशी ठेवून केलेले दान आपल्याकडे नापसंत मानले आहे. पण अनोळखी माणसासाठी केलेला त्याग त्या गणितात कोठे बसतो, हे त्याला कागदावर पाहणे पुरेसे वाटले नाही, एवढे त्याच्या आयुष्यावरून दिसते.

आता आपल्या घरात येतो. इमाम म्हणून वाटणीच्या बैठकींना मला बोलावले जाते. त्यांत एक पेच पुनःपुन्हा समोर येतो. वडील हयात असताना एक मुलगा वारतो, त्याची लहान मुले मागे राहतात. काही वर्षांनी आजोबाही जातात. शरीअतच्या नियमानुसार जवळचा वारस दूरच्याला बाजूस सारतो. म्हणून मृताचा दुसरा एखादा मुलगा हयात असेल तर मेलेल्या मुलाच्या मुलांना वारसा मिळत नाही. भारतात १९३७च्या शरीअत कायद्यानुसार न्यायालयेही हाच नियम लावतात. बैठकीत काका शांतपणे म्हणतात, आम्ही काय करणार, शरीअतच असे सांगते. आणि सगळे माझ्याकडे बघतात.

नियम सांगितला तो खरा आहे. पण जो माणूस बहिणींच्या हिश्श्याच्या वेळी रिवाजाचे नाव सांगतो, तोच पुतण्याच्या वेळी फिक्हचा आधार शोधतो, तेव्हा बोलते आहे ते कोण, याची शंका घ्यायला जागा आहे. स्वतःच्या मुलात अंश निम्मा, पुतण्यात चौथाई. पुतण्याला दिलेला प्रत्येक रुपया या हिशोबात अर्ध्या किमतीचा ठरतो. काकांना हे गणित ठाऊक नसते; खारीलाही नसते. जनुकांच्या शास्त्राचा आपल्याला खरा उपयोग येथे आहे: आपला युक्तिवाद ज्या बाजूला आपोआप घरंगळतो, तो उतार आधीपासूनच तेथे होता, हे ते दाखवते. अशा उतारावर केलेल्या युक्तिवादाची, तो कितीही शास्त्रशुद्ध असो, दुप्पट तपासणी करावी.

आणि तपासणी केली की नियमापुढची पाने दिसू लागतात. वारसाच्या हिश्श्यांची आयत सूरह निसाची अकरावी. तिच्या आधी आठवी येते: वाटणीच्या वेळी वारस नसलेले नातलग, यतीम आणि गरजू हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या आणि त्यांच्याशी भले बोला. नववी त्याहून भेदक आहे. आपण आपल्यामागे दुबळी लेकरे सोडून गेलो असतो तर त्यांची किती काळजी वाटली असती, याची ज्यांना जाण आहे त्यांनी भय बाळगावे. येथे कुरआन आपल्या ओढीला दाबत नाही, तिलाच कामाला लावतो: स्वतःच्या लेकराबद्दलची जी निम्म्या अंशाची माया आहे, तिच्याच डोळ्यांनी भावाच्या लेकराकडे बघा. दहाव्या आयतीत यतीमाचा माल खाणारा पोटात आग भरतो असे सांगितले आहे. एवढे सारे ओलांडल्यावर मग हिश्श्यांचे आकडे येतात. आम्ही थेट आकड्यांपासून वाचायला सुरुवात करतो.

आठव्या आयतीचा हुकूम पुढे रद्द झाला, असे काही लोक म्हणत. हजरत इब्न अब्बास (र.) यांनी ते शपथेवर नाकारल्याचे बुखारीत आहे, आयत कायम आहे, लोकच तिच्याबाबत ढिले पडले आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. हनफी फिक्हमध्ये गरीब, अज्ञान यतीमाचा खर्च त्याच्या समर्थ महरम नातलगांवर येतो, आणि काका हा महरम आहे. म्हणजे वारसा नाही म्हणून जबाबदारीही नाही, हे खरे नव्हे.

आजोबांच्या हाती तर याहून सोपा मार्ग आहे. वारस नसलेल्याच्या नावे मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते, आणि नातू वारस ठरत नाही म्हणूनच तो वसीयतीस पात्र ठरतो. त्याला वगळणाऱ्या नियमातूनच हे दार उघडते. इब्न हज्म यांनी वारस नसलेल्या नातलगांसाठी वसीयत करणे सक्तीचे मानले होते. बहुसंख्य फुकहांनी ते पसंतीचे मानले. इजिप्तने १९४६ साली कायदा करून अशा नातवंडांसाठी सक्तीची वसीयत आणली. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशात नातवाला थेट बापाच्या जागी बसवले. त्या तरतुदीवर तेथील उलेमांचा आक्षेप आजही आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे येथे सारे आजोबांच्या मनावर राहते, आणि आजोबांचे मन बहुधा हयात मुलाच्या घरात राहत असते, त्याच्याच हातचे जेवत असते.

वसीयत करण्याजोगे काही ज्याच्याजवळ आहे अशा मुसलमानाने ती लिहून ठेवल्यावाचून दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, या आशयाची हदीस इब्न उमर (र.) यांनी सांगितली आहे. वसीयतीला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मुस्लिम कायद्यात ती तोंडीही होऊ शकते, मात्र तोंडी वसीयत पुढे सिद्ध करताना त्याच काकांची साक्ष लागते. म्हणून कागदावर लिहावी, रक्कम किंवा जमिनीचा गट क्रमांक स्पष्ट घालावा, कुटुंबाबाहेरचे दोन साक्षीदार घ्यावेत, आणि एक प्रत नातवाच्या आईजवळ द्यावी. ती घरात सून म्हणून आलेली असते. त्या घरात तिचे रक्ताचे नाते फक्त तिच्या मुलांशीच असते.